जाळी हवीच, पण जाळीपाशी माणूसही हवा

ऑक्टोबर 2024 मध्ये मंत्रालयातली जाळी एकदम फेमस झाली होती, आठवतंय? विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि काही आमदारांनी आंदोलन म्हणून थेट तिच्यावर उड्या मारल्या. आपण व्हिडिओ पाहिला, फॉरवर्ड केला, हसलो. पण सरकारी ऑफिसात सर्कससारखी जाळी आली कुठून?

उत्तर हसण्यासारखं नाही. 2018च्या सुरुवातीला, दाद मागायला मंत्रालयात आलेल्या माणसांनी तिथेच जीव देण्याच्या घटना लागोपाठ घडल्या. त्यानंतर त्याच फेब्रुवारीत इमारतीच्या आतल्या मोकळ्या चौकात नायलॉनची जाळी बसली.

यावर कॅन्टीनमधला ठरलेला डायलॉग असतो, ‘बॉस, ज्याला मरायचंच आहे, तो दुसरा रस्ता शोधणारच!’ ऐकायला पटतं, पण ते खरं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर 1937 ते 1971 या काळात आत्महत्येपासून रोखलेल्या 515 जणांचं पुढे काय झालं, याचा अभ्यास रिचर्ड सायडन यांनी 1978 मध्ये मांडला. त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी नंतर आत्महत्या केली नव्हती. दुसरा रस्ता शोधत बहुतेक जण बसले नाहीत! कारण तो टोकाचा क्षण अनेकदा थोडाच वेळ टिकतो. तेवढा निभावला की माणूस राहतो. कठडा, जाळी, कुलूप हे सगळं तो वेळ मिळवून देण्यासाठी. तरीही त्या पुलावरची जाळी पूर्ण व्हायला 2024 उजाडलं.

कॅम्पसवर काय?

आता आपल्याकडे या. एनसीआरबीच्या आकड्यांनुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यातले 1,764 महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मुद्द्यांची गाइडलाइन दिली. हॉस्टेलमध्ये सुरक्षित पंखे बसवा, गच्ची-बाल्कनीसारख्या धोक्याच्या जागी सहज जाता येऊ नये असं बघा, हा त्यातला एक मुद्दा. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमा, हा दुसरा. स्टाफला वर्षातून दोनदा ट्रेनिंग आणि हेल्पलाइनचे नंबर ठळक दिसतील असे लावणं, हेही त्यात आहे.

गंमत अशी, की गच्चीला कुलूप एका दुपारी लागतं. फोटो काढला, रिपोर्टला जोडला, काम झालं. समुपदेशकाला मात्र पगार द्यावा लागतो, बंद दाराची खोली द्यावी लागते, आणि ‘इथे बोललेलं एचओडींपर्यंत जाणार नाही’ हा विश्वास कमवावा लागतो. मंत्रालयात जाळी माणसाला झेलते, त्याची अडकलेली फाइल नाही. कॅम्पसवरही तसंच. बॅकलॉग, थकलेली फी, रॅगिंग, जातीवरून टोमणे... यातलं काहीच जाळीत सापडत नाही.

इंदापूर तालुक्यातल्या कळससारख्या गावातून पुण्याच्या हॉस्टेलवर आलेला एखादा पोरगा डोळ्यांसमोर आणा. घरच्यांनी उसाच्या बिलातून फी भरलीय. लेक्चर इंग्लिशमधून. पहिल्याच सेमिस्टरला दोन विषय राहिले. फोनवर आई विचारते, ‘जेवलास का?’ तो म्हणतो, ‘हो, सगळं मस्त.’ त्याला गरज आहे ती हे ‘मस्त’ खरं नाही, हे ओळखणाऱ्या कुणाची तरी.

आणि सुट्टीत घरी गेल्यावर? तिथे शेतीच्या औषधांचा डबा हाताशी नको. श्रीलंकेने सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. 1995 नंतरच्या दोन दशकांत तिथला आत्महत्यांचा दर सत्तर टक्क्यांच्या आसपास खाली आला. आपल्या घरी त्या डब्याला कुलूप आणि किल्ली मोठ्यांकडे, एवढं तर होईल?

तुम्ही काय कराल?

तुम्ही कमावते झालात, पण धाकटी बहीण, मावसभाऊ, जुना ज्युनिअर अजून हॉस्टेलवर असेलच. शिवाय क्युबिकलमधल्या शेजाऱ्यालाही हे सगळं लागू आहे.

- थेट विचारा : ‘जगणं नको वाटतंय का? जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने डोक्यात किडा शिरतो, हा गैरसमज आहे. उलट बरेचदा ओझं हलकं होतं.
- ऐका. ‘पॉझिटिव्ह राहा यार’ हे लेक्चर नको.
- ‘हो’ म्हणाला तर एकटं सोडू नका. धोक्याच्या वस्तू दूर करा, घरच्या माणसाला बोलवा, डॉक्टरकडे सोबत जा.
- पोलिस केसच्या भीतीने दवाखाना टाळू नका. मानसिक आरोग्य कायदा 2017 म्हणतो, की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं. त्याला शिक्षा नाही, तर उपचार द्यायचे.
- 14416 हा नंबर आत्ताच सेव्ह करा. ही ‘टेली-मानस’ची सरकारी हेल्पलाइन आहे. ती 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. फुकट, चोवीस तास, आणि मराठीतही.

हे वाचताना दुसऱ्या कुणाचा नाही, तुमचा स्वतःचाच चेहरा समोर आला असेल, तर तो नंबर तुमच्यासाठीही आहे. आज रात्रीच फिरवा. आणि कॉलेजच्या ॲल्युम्नाय मीटला जाल तेव्हा नव्या बिल्डिंगचं कौतुक करून झालं, की एक प्रश्न नक्की विचारा : ‘सर, आपला समुपदेशक कुठे बसतो?’