परक्या रणातील नागपूरकर

१९३६ साली स्पेनचे लोकनियुक्त सरकार उलथविण्यास जनरल फ्रँको सरसावला, तेव्हा त्या सरकारच्या रक्षणार्थ देशोदेशींचे स्वयंसेवक धावले. त्यांत फ्रेंचांचा भरणा सर्वांत मोठा. त्याच आंतरराष्ट्रीय पलटणींत 'जॉन स्मिथ' हे नाव धारण करून नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार लढले आणि १९३८ साली गांदेसापाशी कैद झाले. फ्रान्सने आपल्या त्या स्वयंसेवकांना १९९६ साली माजी सैनिकांचा दर्जा दिला. उशिरा का होईना, ऋण मानले. आणि आम्ही? वाशीम जिल्ह्यातील किती शाळांतून हुद्दारांचे नाव उच्चारले जाते? स्वतः पारतंत्र्यात असता परक्यांच्या स्वातंत्र्यासाठी मृत्यूच्या तोंडी जाणाऱ्या या पुरुषाचे विस्मरण, हे आमचेच दारिद्र्य होय!