मातीची देवी आणि बहिणीचा वाटा



आपल्यांतील काही सुशिक्षित मंडळी एक युक्तिवाद करू लागली आहेत. ब्राह्मणी देव सोडले ते योग्यच. परंतु मातृदेवी ही वेदांहून जुनी, शेतकऱ्यांची, आपल्याच पूर्वजांची. मग तिला घरात ठेवण्यास हरकत कोणती? युक्तिवाद मोहक आहे, म्हणूनच तो पुराव्याच्या कसोटीवर घासून पाहिला पाहिजे.

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका घरात मातीची पेटी सापडली. पेटीत एक स्त्रीमूर्ती. सोबत शिर नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती व एक बैल. साऱ्या कच्च्या मातीच्या. ही सुफलतेची देवता असावी, असा तर्क संशोधकांनी केला. तो आदरास पात्र आहे. पण तर्क म्हणजे साक्ष नव्हे. त्या लोकांना लिपी नव्हती. देवीचे नाव वा तिची आज्ञा आपणापर्यंत आलेली नाही. मुकी वस्तू न्यायालयात हजर करता येते, तिच्या तोंडी जबानी घालता येत नाही. आणि हिला तर तोंडच नाही!

त्याच गावातील घरांच्या जमिनीखाली तान्ह्या मुलांची दफने निघाली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत मूल ठेवलेले. अशा घरातील आईने मातीपुढे हात जोडले असतील तर तिला आपण हसणार नाही. तिच्यापाशी दुसरा इलाज नव्हता. तुमच्यापाशी दवाखाना आहे, लस आहे.

देवीपूजेने स्त्रीचा सन्मान होतो, असे कोणी म्हणेल तर त्याला विचारा : कूस पुजणे म्हणजे स्त्रीला मान देणे काय? मग जिची कूस फळली नाही तिला वांझ म्हणून मंगलकार्यातून दूर कोणी ठेवले? शेत पिकावे म्हणून देवी पुजली. त्या शेतात मुलीला बरोबरीचा हक्क कोणत्या देवीने दिला? तो कायद्याने दिला. हिंदू कोड बिल रखडले, हे बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडण्याचे एक मोठे कारण होते. पुढे १९५६ चा वारसा कायदा आला. तो बौद्धांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला.

आणि आपण काय करतो? माझ्या वकिलीत मी पाहिले आहे : सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणणारा भाऊ दुपारी बहिणीला कचेरीत आणून हक्कसोडपत्रावर तिची सही घेतो. देव गेले, पण देवांच्या राज्यातील अन्याय तेवढा आपण जपून ठेवला!

मूर्ती संग्रहालयात असू द्या. मुलांना तेथे न्या; तो आपल्या भूमीचा इतिहास आहे, तो त्यांनी शिकावा. घरात मात्र तिची स्थापना करू नका. स्त्रीचा सन्मान करावयाचा असेल तर तलाठ्याकडे जा आणि सातबाऱ्यावर बहिणीचे नाव लावा.

जय भीम!