सिंकखालचा कॅन

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही व्हॅन घेऊन कोकणात गेलो होतो. मागच्या सीट काढून झोपायची फळी, छोटी शेगडी आणि स्टीलचं सिंक बसवून घेतलं होतं. लॉजचा खर्च नको, हलाल जेवणाची शोधाशोध नको, नमाजची वेळ झाली की सावली बघून थांबायचं. पहिले दोन दिवस मजेत गेले.

तिसऱ्या रात्री गुहागर तालुक्यात, एका वाडीच्या वर, जांभ्याच्या सड्यावर मुक्काम केला. फजरनंतर चहा-आम्लेट झालं, रात्रीच्या सालनाची भांडी धुतली. तेवढ्यात घागर घेऊन निघालेल्या एक मावशी थांबल्या. त्यांनी गाडीखाली बोट दाखवलं. साबणाचं तेलकट पाणी उताराने ओघळत चाललं होतं.

"खाली आमची बाव आहे हो. आम्ही तेच पाणी पितो," एवढंच त्या म्हणाल्या. आवाजही चढवला नाही, म्हणून जास्तच लागलं. धाकट्याने विचारलं, "अम्मी, त्यांचं पाणी आपण खराब केलं का?" आम्ही दोघेही गप्प राहिलो.

चूक साधी होती. स्वच्छ पाण्याचा कॅन वीस लिटरचा आणि सिंकखालचा दहाचा. जेवढं वरून ओतणार तेवढंच खाली येणार, हे आमच्या लक्षातच आलं नाही. घरी मोरीच्या जाळीपुढे पाण्याचं काय होतं, ते आपण कुठे पाहतो? जांभा दगड सच्छिद्र असतो. त्यावर सांडलेलं पाणी मुरून खालच्या विहिरीकडे जातं. आम्ही मावशींची माफी मागितली, फडक्याने पाणी टिपून घेतलं आणि गाडी तिथून हलवली.

आता आमची पद्धत अशी आहे. सिंकखालचा कॅन वरच्यापेक्षा मोठा, पंचवीस लिटरचा. त्याच्या झाकणाला नळीसाठी एक भोक आणि हवेसाठी दुसरं बारीक भोक. हवा निघाली नाही तर पाणी सिंकमध्येच तुंबतं. कॅन पट्ट्याने बांधलेला असतो आणि पाऊण भरला की रिकामा करायचा. वीस लिटर म्हणजे वीस किलो वजन, तेही डचमळणारं.

ताटं धुण्याआधी रोटीच्या तुकड्याने किंवा कागदाने पुसून घेतो. तेल आणि खरकटं कॅनमध्ये गेलं नाही तर वासाचा निम्मा त्रास तिथेच मिटतो. सिंकच्या तोंडाशी चहाची गाळणी ठेवतो. नळ सोडून भांडी धूत नाही. एका टबात घासायची, दुसऱ्यात विसळायची. पाणी शिळं ठेवायचं नाही. रोज कॅन रिकामा करून कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून खळखळून घ्यायचा.

रिकामा कुठे करायचा? पेट्रोल पंपावरच्या किंवा हॉटेलच्या संडासात, विचारून. रस्त्याकडेच्या पावसाच्या गटारात नाही, कारण ते थेट ओढ्याला मिळतं. काहीच सोय नसेल तर पाणी गाळून, विहीर-ओढ्यापासून किमान दोनशे फूट लांब, मातीवर पातळ पसरायचं. मातीतले जिवाणू ते पचवतात. साबण 'नैसर्गिक' असला तरी वाहत्या पाण्यात नकोच. आणि सड्यासारख्या जागी, खाली विहीर असेल तर, पाणी कॅनमध्येच राहू द्यायचं.

वुजू आम्ही सिंकवर करत नाही. बाहेर लोट्याने, झाडाच्या बुंध्याशी करतो. बिनसाबणाचं ते पाणी झाडाला चालतं. पैगंबर (स.) यांना वुजूसाठी एक मुद्द, म्हणजे साधारण पाऊण लिटर पाणी पुरत असे. हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, पण कॅन स्वतः उचलावा लागला तेव्हा खरं उमगलं.

वाटेत, सावलीत आणि पाणवठ्यावर घाण करण्यापासून पैगंबरांनी (स.) सक्त मनाई केली आहे. ती मनाई शौचाबद्दल आहे, आणि भांड्यांचं पाणी त्यापुढे हलकं वाटेल. पण आपल्यानंतर त्या जागी येणाऱ्याला त्रास होऊ नये, ही तळमळ दोन्हीकडे एकच आहे.

परतीच्या वाटेवर आम्ही मुद्दाम त्या वाडीवरून आलो. मावशी भेटल्या नाहीत. धाकट्याने मात्र उतरून बावीत डोकावून पाहिलं आणि येऊन सांगितलं, "पाणी स्वच्छ दिसतंय." अल्हम्दुलिल्लाह! तरी त्या दिवसापासून सिंकखालचा कॅन रोज संध्याकाळी तोच तपासतो.