भरीत भाजायला जागा ठेवा

पहिली थंडी पडली की भुसावळ-वरणगाव पट्ट्यात आमंत्रणे तोंडीच फिरू लागतात. 'रविवारी भरीत खायाले या.' वेळ कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. वांगी भाजून, सोलून, ठेचून होतील तेव्हा जेवण. लग्नाच्या पत्रिकेला एखादे वेळी नाही म्हणता येते, भरिताला नाही म्हणणारा माणूस खानदेशात विरळा. त्यासाठी लागते तरी काय? फिक्या हिरव्या रंगाची, पांढरट रेघांची, कमी बियांची मोठी वांगी. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभ्या राहिलेल्या पऱ्हाटीच्या वाळक्या काड्या. आणि त्या काड्या पेटवता येतील एवढी मोकळी जागा. वांगी आणि पऱ्हाटी जळगाव जिल्ह्यात हवी तेवढी आहेत. जागेचेच दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे.

दीपनगरात ही जागा अजून आहे, म्हणून त्याच्याबद्दल बोलायला हवे. भुसावळहून वरणगावकडे निघाले की सुरत-नागपूर महामार्गालगत, फेकरी गावाला लागून, दीपनगर औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. 1960 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने इथे 1968 मध्ये साडेबासष्ट मेगावॉटचा पहिला संच सुरू केला. 1979 आणि 1982 मध्ये 210 मेगावॉटचे दोन संच आले, 2012पासून पुढे पाचशे-पाचशे मेगावॉटचे आणखी दोन. त्यानंतर 660 मेगावॉटच्या सहाव्या संचाचे काम भेलकडे सोपवले गेले. 6 जून 2005 रोजी मंडळाचे विभाजन होऊन वीजनिर्मिती 'महानिर्मिती'कडे गेली, तरी जुनी माणसे आजही 'बोर्डात होतो' असेच सांगतात. साडेबासष्ट मेगावॉटचे यंत्र केव्हाच निवृत्त झाले. त्याच्या सोबतीने उभी राहिलेली वसाहत मात्र टिकली. क्वार्टर, त्यांच्यामधली मैदाने, कडुनिंब, गच्च्या आणि अंगणे तेवढी उरली.

अशा वसाहतीला गाव म्हणता येत नाही आणि शहरही नाही. महानिर्मितीची केंद्रे कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस, परळी, एकलहरे अशी राज्यभर विखुरलेली आहेत आणि बदली झाली की माणूस या टोकाचा त्या टोकाला जातो. त्यामुळे एकाच जिन्यावर नागपूरकडचे घर, परळीकडचे घर आणि रावेर-यावलकडचे लेवा घर शेजारी येते. वीजकेंद्र चोवीस तास चालते, म्हणून वसाहतीच्या जेवणाच्या वेळाही तीन पाळ्यांत वाटलेल्या. एका घरात रात्रपाळीहून आलेला माणूस सकाळी आठला भाकरी मोडत असतो, त्याच वेळी समोरच्या घरातला जनरल पाळीचा डबा भरला जात असतो. वाटीभर भाजी इकडून तिकडे जाते आणि रिकामी वाटी परत येत नाही, तिच्यात काहीतरी घालूनच येते. विदर्भातून आलेल्या बाईंना कळणा कसा दळायचा हे असेच कळते. ज्वारीत सालासकट काळे उडीद घालायचे, मीठ टाकायचे, गिरणीवाल्याला थोडे जाडसर सांगायचे. शेजारीण ते तोंडी सांगते आणि पहिली भाकरी थापूनही दाखवते.

पुण्या-मुंबईतल्या 'अस्सल खानदेशी' पाट्यांखाली मात्र वेगळाच खानदेश विकला जातो. तिथे खानदेश म्हणजे शेवभाजी, तीही वर बोटभर तर्री असलेली, खाणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी काढणारी. शेवभाजीला नावे ठेवण्याचे कारण नाही. भाजलेला कांदा, भाजलेले खोबरे, काळा मसाला आणि ताटात वाढताना टाकलेली जाड तिखट शेव हा महामार्गावरच्या ढाब्याने दिलेला उत्तम पदार्थ आहे. ट्रकवाल्याला मध्यरात्री चटकन काय द्यायचे, या प्रश्नाला त्याहून चोख उत्तर सापडणार नाही. पण ढाब्यावर आणि हॉटेलात सहज करता येते म्हणूनच ती सगळीकडे पोहोचली. खानदेशातल्या घरांचे खरे वैभव असलेले बाकीचे पदार्थ पोहोचले नाहीत, कारण ते बंद स्वयंपाकघरात दोन शेगड्यांवर होत नाहीत. त्यांना आकाश लागते.

भरिताचेच घ्या. गॅसवर जाळी ठेवून एक वांगे भाजता येते, पण पंधरा माणसांचे भरीत त्या जाळीवर होत नाही आणि पऱ्हाटीच्या धुराचा वासही त्याला येत नाही. काड्यांचा जाळ झपकन वर जातो, सालीला काळे करतो आणि आतला गर आपल्याच पाण्यात शिजतो. मग सोलायला चार जण गोल करून बसतात. लाकडी भांड्यात गर ठेचायचा. हिरव्या मिरच्या, लसूण, भरपूर कांद्याची पात, शेंगदाणे आणि कोथिंबीर घालून तेलाला हात आखडता न घेता परतायचे. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. या वांग्याला 'जळगाव भरीत वांगी' म्हणून 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही मिळाले. यावल तालुक्यातले बामणोद आणि जळगावजवळचे आसोदे ही या वांग्यांची नावाजलेली गावे. आसोदे बहिणाबाई चौधरींचे माहेर आहे, हे वेगळे सांगायला नको. शाळेच्या पुस्तकामुळे महाराष्ट्राला त्यांची कविता ठाऊक झाली, त्यांच्या गावचे वांगे अजून जिल्ह्याबाहेर फारसे पोहोचलेले नाही.

बट्टीचेही तेच. गव्हाचे रवाळ पीठ, त्यात थोडा मका, ओवा, हळद. गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे किंवा उकडून, कापून तळायचे, वर वरण आणि तूप, बाजूला घोटलेल्या वांग्यांची भाजी. चार माणसांसाठी बट्टी कोणी करत नाही. ती भंडाऱ्याला, लग्नाला, वास्तुशांतीला, नाहीतर बदली झालेल्या कुटुंबाला निरोप देताना होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरच्या पुरणपोळ्या. उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर, हातांवर फिरवत फिरवत मोठी केलेली, रुमालासारखी पातळ पोळी टाकायची आणि आमरसाबरोबर वाढायची. देशावर दिवाळीला लेकी माहेरी येतात तशा खानदेशात आखाजीलाही येतात. झाडाला झोके बांधले जातात, घागर भरली जाते, तिच्यावर डांगर, म्हणजे इकडचे खरबूज, आणि सांजोरी ठेवतात. झोक्याला फांदी हवी, खापराला चूल हवी. तिसऱ्या मजल्यावरच्या टू बीएचकेमध्ये यातले काय बसते?

वाळवणाचा महिना एप्रिल. भुसावळचे ऊन महाराष्ट्रात बदनाम आहे. पारा पंचेचाळीसच्या वर गेल्याची बातमी राज्यभर छापून येते आणि वाचणारे हळहळतात. इथल्या गच्चीवर मात्र त्याच उन्हाची वाट पाहिलेली असते. ज्वारीचे पीठ पहाटे मोठ्या पातेल्यात शिजवतात, तिखट-मीठ, तीळ, लसूण घालतात आणि ऊन तापायच्या आत खाटेवर पसरलेल्या ओल्या कापडावर हाताने बिबडे थापत जातात. कुरडयांच्या दिवशी गव्हाचा चीक शिजतो आणि पोरे वाट्या घेऊन रांग लावतात. एकटी बाई हे काम करू शकत नाही, म्हणून चार घरांचा वार ठरतो: आज पाटलांचे, परवा सोनवणेंचे, शनिवारी वरच्या मजल्यावरच्यांचे. कोणाच्या घरची सून जरा रुसलेली आहे, कोणाचा मुलगा पुण्याला नोकरीला लागला, पदोन्नतीची यादी कुठे अडली, हे सगळे त्या खाटेभोवतीच समजते. वसाहतीतल्या नोटीस बोर्डापेक्षा ही यंत्रणा वेगवान आहे आणि बहुतेक वेळा अचूकही.

पण औष्णिक केंद्राशेजारच्या गच्चीवर बिबडे वाळत घालताना एक चिंता असते, राखेची. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण फार मोठे. शंभर किलो कोळसा जाळला की तीस ते चाळीस किलो राख उरते. त्यातली बहुतेक राख पिठासारखी बारीक, धुराबरोबर उडणारी. चिमणीआधीच्या स्थिरविद्युत यंत्रणेत तिचा फार मोठा भाग अडवला जातो आणि तिथून ती सिमेंटला, विटांना, रस्त्याच्या भरावाला जाते, उरलेली पाण्यात कालवून राखेच्या तळ्यात. तळे वाळले, वारा सुटला, किंवा राखेची गाडी नीट न झाकता निघाली, की ती पुन्हा हवेत. मग गच्चीवरचे कापड झटकावे लागते, बिबड्याला दाताखाली कचकच येते आणि बाई केंद्राच्या दिशेने एक शेलका शब्द टाकते. वीजकेंद्रावर पोट असल्यामुळे तो शब्द हळू आवाजात निघतो.

राखेच्या वापराची पहिली अधिसूचना केंद्र सरकारने सप्टेंबर 1999 मध्ये काढली, 31 डिसेंबर 2021च्या अधिसूचनेने शंभर टक्के वापर बंधनकारक केला आणि त्याची तीन-तीन वर्षांची चक्रे ठरवली. कागदावर हे उत्तम आहे. पण दीपनगर, फेकरी आणि आसपासच्या गावांसाठी त्याची खरी परीक्षा टक्केवारीच्या तक्त्यात होणार नाही, उन्हाळ्यात वाळवणाच्या कापडावर होईल. हवेचा निर्देशांक दाखवणारा फलक केंद्राच्या दारात असू दे, सोबत गच्च्यांवर काय पडते तेही कोणीतरी पाहायला हवे. राखेची गाडी झाकलेली असावी, रस्त्यावर पाणी मारले जावे, तळे ओले राहावे, या मागण्यांसाठी कोणत्याही नव्या तंत्रज्ञानाची गरज नाही. हतनूर धरणाच्या एक्केचाळीस दरवाजांमागे अडवलेले तापीचे पाणी केंद्राला मिळतेच. त्यातले थोडे धुळीवर गेले तर चालण्यासारखे आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. हे सगळे करायला वेळ कोणाला आहे? आणि करते कोण? बिबड्यांच्या गोड आठवणी पुरुष लिहितात, पहाटे चारला उठून पातेले ढवळणारी बाई लिहीत नाही. वाळवण हे बायकांचे बिनमोलाचे श्रम आहेत हे खरे. उन्हाने डोळे जातात, कंबर जाते आणि एखादी धाकटी सून त्या खाटेभोवतीच्या गप्पांचा विषय होऊन घरी परतते. नोकरी करणाऱ्या बाईने बिबडे विकत आणावेत, त्यात काही बिघडत नाही. मात्र विकत आणायचे तरी ते कुठेतरी थापले जातातच. आज ते बचत गटांतल्या बायका थापतात. त्यांनाही गच्ची, अंगण, चूल, पाणी आणि स्वच्छ हवा लागते. श्रमाला मोल मिळू लागले, ही चांगली गोष्ट. आता त्या मोलाला जागाही मिळावी.

आणखी एक गोष्ट वसाहतीच्या फाटकाशी अडते. क्वार्टर मिळते ते कायम कर्मचाऱ्याला. वीजकेंद्रातली बरीच कामे आता कंत्राटी कामगार करतात आणि ते फेकरीत, वरणगावात, भुसावळच्या कडेच्या वस्त्यांत भाड्याच्या खोलीत राहतात. दहा बाय दहाच्या खोलीत ना अंगण, ना गच्चीवर हक्क. एकाच पाळीत, एकाच बॉयलरखाली घाम गाळणाऱ्या दोघांपैकी एकाच्या घरी रविवारी भरीत होते आणि दुसरा महामार्गावरच्या टपरीवर पोहे खातो. टपरीवरचे पोहे चांगले असतात, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पन्नास-साठ वर्षांत वसाहतीने जी शेजारधर्माची सवय लावली, ती फाटकाच्या आतच थांबली तर पुढच्या पिढीचे दीपनगर केवळ पत्त्यापुरते उरेल. बदल्या होतील, जुने कर्मचारी निवृत्त होऊन भुसावळ-जळगावला घरे बांधतील, पाचशे आणि सहाशे साठ मेगावॉटचे संच जुन्या छोट्या संचांच्या मानाने कमी माणसांत चालतील. मग मैदानांकडे कोणाची तरी नजर जाणारच. रिकामी जागा दिसली की तिथे काहीतरी बांधावे असे वाटणे हा आपल्याकडचा जुना रोग आहे.

त्याआधीच काही गोष्टी ठरवून टाकाव्यात. महानिर्मितीने वसाहतीतले एक मैदान आणि काही गच्च्या सामाईक म्हणून लेखी राखून ठेवाव्यात. हिवाळ्यात तिथे भरीत भाजता यावे, उन्हाळ्यात वाळवण घालता यावे, पाण्याचा नळ आणि रात्री दिवा असावा. वीजकेंद्राच्या दारात दिव्याची तरी अडचण पडू नये. फेकरी आणि परिसरातल्या ग्रामपंचायतींबरोबर बोलून आठवड्यातून एक दिवस तिथे बाजार भरू द्यावा, म्हणजे शेतकऱ्याची मानांकनाची वांगी आणि केळी, बचत गटांचे बिबडे-पापड थेट विकले जातील. त्या दिवशी कंत्राटी कामगाराच्या कुटुंबाला फाटकावर ओळखपत्र विचारले जाऊ नये. यातल्या कोणत्याही कामाला संचाच्या एका दुरुस्तीइतकाही खर्च येणार नाही. नोव्हेंबरपर्यंत पहिले मैदान ठरले, तर या हिवाळ्यातली पऱ्हाटी तिथेच पेटवता येईल.