कापूस एक, खाती तीन

शेती प्राथमिक, उद्योग द्वितीयक, सेवा तृतीयक. आणि समाज याच क्रमाने पुढे जातो. ॲलन फिशर (१९३५) व कॉलिन क्लार्क (१९४०) यांनी रूढ केलेली ही मांडणी आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि नियोजनात घट्ट मुरली आहे. वऱ्हाडात मात्र ती टिकत नाही.

अकोल्याची कुठलीही जिनिंग घ्या. यंत्रे आहेत, कामगार आहेत, कारखाना म्हणून नोंद आहे. तरी २००८ च्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात सरकी काढून गाठी बांधण्याचे काम शेतीच्या विभागात बसवले आहे. तीच रुई सूतगिरणीत गेली की उद्योग, अडत्याने विकली की सेवा! क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. सरकीचे तेल बाजारात जाते आणि ढेप पुन्हा शेतकऱ्याच्या गोठ्यात येते. मग रेघ ओढायची कुठे?

यावर सांगितले जाते की सीमेवरच्या चार उदाहरणांसाठी राष्ट्रीय उत्पन्न मोजायचे साधन मोडू नये. देशादेशांच्या तुलनेपुरते ते मान्य. पण कापूस हे वऱ्हाडातले सीमेवरचे उदाहरण नव्हे, इथला तो कणाच आहे. शिवाय ही विभागणी मोजणीपाशी थांबत नाही. जनगणनेत गावाला शहर ठरवताना ५,००० लोकसंख्या आणि घनतेबरोबर ७५ टक्के पुरुष कामकरी बिगरशेती असावे लागतात. शेती सुटली की शहर, असा हा हिशेब. अमरावती-अकोल्याचा इतिहास उलटे सांगतो. अमेरिकेतल्या यादवीने १८६० च्या दशकात वऱ्हाडी कापसाला भाव आला, १८६७ साली लोहमार्ग नागपूरला पोचला, आणि ही शहरे कापसावरच वाढली. पुढे १९६९ साली अकोल्यात कृषी विद्यापीठ आले आणि शहरातले संशोधन शिवारात उतरू लागले.

खरा घात होतो तो प्रगतीच्या क्रमामुळे. अकोल्याची सावतराम मिल बंद पडली. अशा मिलचा कामगार ऑटो चालवू लागला की आकडेवारीत तो सेवाक्षेत्रात, म्हणजे वरच्या पायरीवर जातो. मिल बुडाल्याची नोंद प्रगती म्हणून करणारा हिशेब नियोजनाला काय दिशा देणार?

म्हणून शहर आणि त्याचा कापूसपट्टा मिळून एकच घटक धरावा. बियाणे व संशोधन, पीक, प्रक्रिया, कर्ज व व्यापार, कापड अशा टप्प्यांत तो मांडावा. प्रत्येक टप्प्यावर किती हातांना काम मिळाले, मोबदला काय पडला आणि किती पैसा पट्ट्यातच राहिला, हे जिल्हा नियोजन समितीने दरवर्षी लोकांपुढे ठेवावे. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठ येथील पीएम मित्र वस्त्रोद्यान प्रकल्पाचे २०२४ मध्ये भूमिपूजन झाले. उद्योगक्षेत्राचा टक्का वाढला एवढ्यावर त्याला यशस्वी ठरवू नका. वेचणाऱ्या बाईची मजुरी आणि कास्तकाराच्या हाती पडणारा भाव त्यामुळे वाढला, तरच तो वऱ्हाडाचा विकास.