शिकताना पगार

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये ‘एमाज टॉर्च’ ही धर्मादाय संस्था केरी ब्रोडी यांनी सुरू केली. निर्वासित, आश्रय मागणारे, मानवी तस्करीतून सुटलेले लोक तिथे काही आठवडे व्यावसायिक स्वयंपाकघराचं काम शिकतात आणि मग हॉटेलांत नोकरीला लागतात. वॉशिंग्टनच्या ‘डीसी सेंट्रल किचन’चं कामही १९८९पासून चालू आहे; तिथे बेकारांना हेच शिक्षण मिळतं. एमाज टॉर्चची एक गोष्ट आपल्या हॉटेल व्यवसायानं उचलावीच, असं आम्हाला मनापासून वाटतं. तिथे शिकण्याच्या काळातही पगार मिळतो.

देश सोडून आलेल्या बाईला रांधायला शिकवावं लागत नाही. पन्नास माणसांची पंगत तिनं कितीदा तरी उठवलेली असते. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. सुरी घेऊन कुणाच्या पाठीमागून जाताना ‘बिहाइंड, शार्प’ असं मोठ्यानं सांगायचं. डब्यावर पट्टी चिकटवून पदार्थाचं नाव आणि तारीख लिहायची. थंड पदार्थ ५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचा नाही, गरम ५७च्या खाली उतरू द्यायचा नाही. ऐन गर्दीत परक्या भाषेतली ऑर्डर एकदाच ऐकून कामाला लागायचं. एवढ्यावाचून हाताला उत्तम चव असलेली बाई मोरीवर उभी राहते. हे शिकायला काही आठवडे पुरतात, पण तेवढे आठवडे बिनपगारी काढणं तिला झेपत नाही. घरभाडं कुणासाठी थांबत नाही. मग मिळेल ते काम धरायचं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहायचं.

पुण्या-मुंबईची कितीतरी हॉटेलं आज नेपाळ, उत्तराखंड, ओडिशातून आलेल्या मुलांच्या जिवावर चालतात. वस्तादाच्या हाताखाली बघून बघून शिकायचं, ही आपली रीत. तिच्यातून मोठे कारागीर घडले, हे खरंच. पण वस्तादाची मर्जी बसली तर पोरगा तव्यावर जातो, नाही तर भांडीच घासत राहतो. त्याच्या शिकण्याची जबाबदारी मालक म्हणून आपली आहे, वस्तादाच्या मर्जीची नाही.

दर २५ कामगारांमागे अन्नसुरक्षेचा एक प्रशिक्षित पर्यवेक्षक हवा असा नियम आहे, म्हणून आपण ‘फॉस्टॅक’ या अन्नसुरक्षा प्रशिक्षणाच्या वर्गाला बहुधा मॅनेजरला पाठवतो. यंदा त्याच्यासोबत मोरीवरच्या एका मुलालाही पाठवा. आणि त्या दिवसाचा त्याचा पगार कापू नका.