भाषा घडवणारा पोरगा हवाय कुणाला?

लोणावळा ते तळेगाव पट्ट्यात इंजिनीअरिंग कॉलेजं आता पायलीची पन्नास झाली आहेत. तोंडी परीक्षेला एक्स्टर्नल म्हणून मी त्यांतल्या काहींत जातो. जर्नल सुबक, सही-शिक्के जागच्या जागी आणि कंपायलरच्या प्रॅक्टिकलला अख्ख्या बॅचचा एकच प्रोग्रॅम: लेक्स-याक ही तयार साधनं वापरून कॅल्क्युलेटर. व्हेरिएबलांची नावंसुद्धा तीच. "यात वर्गमुळाची सोय कर बघू," म्हटलं की पोरगा सरांकडे बघतो आणि सर खिडकीबाहेर.

रिझ्युमेवर मात्र सात-आठ भाषा ‘येतात’. त्यांतली एखादी बनली कशी, हे विचारायचं नाही. ते सिलॅबसबाहेरचं!

आणि हे पुण्याच्या उंबरठ्यावर, जिथे कंपायलर घडवणारा माणूस राहून गेला. संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनी १९७०च्या सुमारास पास्कल ही भाषा घडवली. ती कुठल्याही यंत्रावर नेता यावी म्हणून झ्युरिकमध्ये पास्कल-पी कंपायलर झाला. त्याच्या कर्त्यांत केशव नोरी होते. आधी एका काल्पनिक यंत्रासाठी कोड काढायचा, मग प्रत्येक खऱ्या यंत्रावर तो चालवणारा छोटा इंटरप्रीटर लिहायचा, अशी ती युक्ती. जावाचा बाइटकोड पुढे याच वाटेने गेला. हे नोरी नंतर बरीच वर्षं पुण्यात, टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात होते. मुंबईच्या आयआयटीत धनंजय ढमढेरे यांनी कंपायलरवर हयात वेचली, उदय खेडकर यांनी तो वसा पुढे नेला. ढमढेऱ्यांचं सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगचं पुस्तक लायब्ररीत धूळ खातं, आणि पोरं परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड पाठ करतात.

"सर, कंपायलरला प्लेसमेंट आहे का?" असं पोरं नाही, प्राध्यापकच मला विचारतात. मॉडेलवरून कोड तयार करणारं टीसीएसचं मास्टरक्राफ्ट टीआरडीडीसीच्या संशोधनातूनच आलं आणि ते धंद्यासाठीच होतं. पण इतकं कोण बघतो? पोरगा हिंजवडीच्या बसमध्ये बसला, फोटो फ्लेक्सवर चढला, की कॉलेजचं गंगेत घोडं न्हालं.

प्राध्यापकांनो, पुढच्या टर्मला तो कॅल्क्युलेटर बाद करा. भातखाचरांच्या पाण्याचा किंवा लोकलच्या वेळापत्रकाचा हिशेब मांडणारी छोटीशी भाषा प्रत्येक गटाला स्वतः रचू द्या, आणि चुकीचा प्रोग्रॅम दिल्यावर ती काय सांगते यावर मार्क ठेवा. ते तपासायला मी विनामानधन येईन. कॅल्क्युलेटरवर मात्र यापुढे माझी सही मिळणार नाही.